शिसं, खिळे आणि शनिवारची मंडळी

बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं. दरवेळी टाळत होतो, कारण पहिल्याच वाक्याला लोक दचकतात. तर सांगूनच टाकतो: गेली चार वर्षं मी महिन्यातले दोन शनिवार बंदुकीच्या गोळ्या ओततो. माझ्याकडे बंदूक नाही. घ्यायचा विचारही नाही. सांगलीच्या मामाला हे फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नोकरी आहे ना रे अजून?"

आहे. ओहायोतल्या एका लहान गावात राहतो, चार भिंतींतली नोकरी करतो. हा छंद मला शेजारच्या ग्यारेजात भेटला.

आधी शब्दांचा घोळ निस्तरूया. आपण मराठीत सगळ्यालाच गोळी म्हणतो. खरं तर काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टिकली (तिला प्राइमर म्हणतात), आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. झाडल्यावर पुंगळी मागे उरते. ती फेकून न देता पुन्हा भरायची, हा इथे लाखो लोकांचा छंद आहे. त्यातले थोडे आणखी एक पायरी मागे जातात आणि गोळीही स्वतःच शिसं वितळवून ओततात. स्वतःपुरतं हे करायला अमेरिकेत केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला काढलं की लागतो. भारतातून आलेल्या माणसाला हे पचायलाच वर्षभर लागतं.

आमच्या शेजारचे गृहस्थ आता पंचाहत्तरीला आले. इथल्या पद्धतीप्रमाणे त्यांना एकेरी नावाने हाक मारायची, पण माझी जीभ काही वळत नाही. मनात मी त्यांना 'ओतारीबुवा' म्हणतो. एकदा त्यांच्या दारात उभा होतो, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगत होते, "हे लिनोटाइपचं आहे, जपून वापर." लिनोटाइप! हा शब्द मी शेवटचा ऐकला तो वडिलांच्या तोंडून. वडील सांगलीत एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवायचे. मी आत गेलो आणि विचारलं, "छपाईचा धातू तुमच्याकडे कसा?" बुवांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. झालं, माझा प्रवेश झाला.

त्यामागचं कारण सरळ आहे. नुसतं शिसं फार मऊ, नखानेही ओरखडा उठतो. जोरात झाडलं तर ते नळीत चोपडलं जातं. त्यात थोडं कथील घातलं की रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो, आणि अँटिमनी घातलं की गोळी कडक होते. छापखान्याच्या खिळ्यालाही हेच हवं असतं: कोपरा तीक्ष्ण भरला पाहिजे आणि दाबाखाली झिजता कामा नये. लिनोटाइपच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. म्हणून जुने छापखाने बंद पडले तसा तो धातू या मंडळींनी सोन्यासारखा साठवला.

दुसरा मोठा साठा गाड्यांच्या चाकांना लावायच्या वजनांचा. पूर्वी टायरवाले ती बादलीभर फुकट द्यायचे. आता त्यात जस्ताची आणि पोलादाची वजनं मिसळलेली असतात, कॅलिफोर्नियात तर २०१० पासून शिशाची वजनं बंदच आहेत. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं आणि जस्त ४१९ ला, म्हणून भट्टी बेताने तापवायची आणि वर तरंगणारं जस्त वेळेत काढायचं. नाहीतर रसाची लापशी होते आणि सगळा घाणा फुकट.

माझं काम मळी काढायचं. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात ना, तसंच. रसात मेणाचा खडा टाकायचा, ढवळायचं, वर येणारी काळी साय पळीने बाजूला करायची. खाली आरशासारखं चकचकीत शिसं दिसतं. ते पाहिलं की मला लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला आठवतो, नवसागराचा तो धूर आणि पातेल्यात क्षणात पसरणारी चांदी. मग साच्यात ओतायचं, क्षणभर थांबायचं, वरची पट्टी ठोकून उघडायची आणि गोळी मऊ फडक्यावर पाडायची. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती दव पडल्यासारखी पांढुरकी दिसते. सुरकुतलेली परत भट्टीत. चूक पुन्हा वितळवता येणारं काम माझ्या नोकरीत तरी नाही.

ओहायोत २०१४ पासून हरणाच्या शिकारीला सरळ पुंगळीची काही काडतुसं रायफलमध्ये चालतात. त्यात १८७३ साली सैन्यासाठी काढलेलं 'पंचेचाळीस-सत्तर' बुवांचं लाडकं. त्याची गोळी ४०० ग्रेनच्या आसपास, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. आपले सोनार गुंजेने तोलायचे, हे लोक ग्रेनने तोलतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. ७००० दाण्यांचा एक पौंड.

मंडळी पाच-सहा जण. एक निवृत्त नर्सबाई, एक ट्रकचालक, एक शाळेत गणित शिकवणारे, बाकी येऊन-जाऊन. राजकारणावर बोलायचं नाही असा नियम नाही, पण दारू तोलताना कुणीच काही बोलायचं नाही असा आहे. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर बंदूक फुटू शकते; अजिबात पडली नाही तर गोळी नळीत अडकते आणि तिच्यामागून दुसरी झाडणं जिवावर बेततं. म्हणून त्या वेळी रेडिओ बंद, फोन बाहेर. पन्नास पुंगळ्या भरल्या की दिवा धरून प्रत्येकीत डोकावायचं. भट्टीपाशी पाण्याचा ग्लास आणायचा नाही, कारण वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर वाफेचा स्फोट होऊन रस अंगावर उडतो. त्याला हे लोक चमकीवाली परी आली असं म्हणतात. हसून म्हणतात, पण लांब बाह्यांचा सदरा घातल्याशिवाय कुणी भट्टीपाशी जात नाही.

आणि नर्सबाईंचा नियम: वर्षातून एकदा प्रत्येकाने रक्तातलं शिसं तपासायचं. या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. धोका हातांचा आणि धुळीचा. हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, ग्यारेजातले बूट घरात न्यायचे नाहीत. माझे वडील जन्मभर खिळे हाताळून त्याच बोटांनी चिमूटभर तंबाखू मळायचे. शिशाला दूध उतारा, अशी समजूत होती, म्हणून आई रात्री त्यांना कपभर दूध द्यायची. त्यांच्या रक्तात किती शिसं होतं ते कुणी कधी मोजलं नाही. मी मात्र दरवर्षी माझा आकडा घेऊन येतो, आणि तो कागद हातात आला की आधी त्यांचीच बोटं आठवतात.

आता मुद्द्याचं. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिच्या शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचा सराव घेतात: दिवे बंद, कोपऱ्यात बसायचं, आवाज नाही. एका संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, तू केलेली गोळी कुठे जाते?" मी म्हणालो, मातीच्या बांधात, पुठ्ठ्याच्या लक्ष्यात, कधी हरणात. ती म्हणाली, "प्रत्येक?"

हा प्रश्न मी पुढच्या शनिवारी तसाच बुवांपुढे ठेवला. वाटलं, ते चिडतील. ते चिडले नाहीत. म्हणाले, "माझी नात त्याच वयाची आहे. ती पण कोपऱ्यात बसते." मग भिंतीवरची वही काढून दाखवली. कुठल्या तारखेला किती गोळ्या ओतल्या, किती भरल्या, कुणी नेल्या. विक्री नाही, अनोळखी माणसाला एकही नाही. आणि हरणाचं? शिशाचे कण शिल्लक राहतात आणि ते खाऊन कॅलिफोर्नियातली काँडॉर गिधाडं मेली; तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीच चालत नाही. त्यावरून आमच्या मंडळीत दोन तट आहेत. ट्रकचालक आता शिकारीला तांब्याच्या गोळ्या विकत घेतो आणि ओतलेल्या फक्त लक्ष्यावर वापरतो. बुवा हरणाची आतडी खोल पुरतात. मुलीच्या प्रश्नाला मात्र त्या वहीने पूर्ण उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. त्यांनीही म्हटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात कुणीतरी बंद पडलेल्या छापखान्यातले खिळ्यांचे सहा खण आणले. हाताने जुळवायचे खिळे, लिनोटाइपपेक्षाही कडक. सगळ्यांचे डोळे चमकले. मी एक खिळा उचलून उलटं अक्षर सरळ वाचलं, आणि पुढे वाचतच गेलो. बुवा म्हणाले, "तुला हे कळतं. तू ठरव काय वितळवायचं." त्यांची पद्धत अशी की संच वापरण्याजोगा असेल तर तो हातछपाई करणाऱ्यांना द्यायचा आणि बदल्यात तेवढ्याच वजनाचं साधं शिसं घ्यायचं.

तीन शनिवार मी ते खण निवडत बसलो. अक्षर म्हणजे ज्याचा क्षर होत नाही ते, असं शाळेत शिकलो होतो. त्याचीच गोळी करायची म्हणजे कसंतरी वाटत होतं. पण वडील असते तर हसले असते. त्यांच्या छापखान्यातही झिजलेले खिळे पोत्यात भरून भट्टीला जायचे आणि नवे होऊन यायचे. ते खिळ्याला हळवेपणाने बघत नसत. मान मोडलेला खिळा ओळीत आला तर मात्र संतापायचे. मीही तीच कसोटी लावली. चार खण वाचले, दोन भट्टीत गेले. वाचलेल्यांतून आता शेजारच्या गावात एक बाई लग्नपत्रिका छापतात.

मी जातो ते कशासाठी, याचं एका वाक्यात उत्तर नाही. हाताला काम मिळतं, वडिलांच्या धातूचा वास मिळतो, आणि ज्यांच्याशी एरवी कुंपणावरूनसुद्धा बोललो नसतो अशी माणसं मिळतात. मुलीला एकदा घेऊन ये, असं नर्सबाई म्हणतात. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "भट्टी बघायला येईन. पुढचं नको." मला ते पटलं. मी स्वतःही, खरं तर, तिथवरच जातो.