दोन नावांमधली रेघ

पेशवाईतल्या एखाद्या मोडी कागदावर ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ असा काळ घातलेला असतो. एक, सत्तर, शंभर आणि हजार, बेरीज ११७१. हे शुहूर सन आहे हे ठाऊक असलं, तर ५९९-६०० मिळवून इसवी १७७०-७१ साल निघतं. पूर्वजांच्या शोधाला नुकत्याच लागलेल्या वारसानं ते हिजरी समजून कोष्टक उघडलं, तर १७५७-५८ येतं. दख्खनी फसली समजून ५९० मिळवले, तर १७६१-६२. आकडा एक, वर्षं तीन, आणि टोकांमधलं अंतर तेरा वर्षांचं. त्या काळी तेरा वर्षांत मूल जन्मून त्याच्या लग्नाच्या याद्या व्हायच्या. एवढ्या फरकानं बाप मुलाच्या जागी सरकतो, आणि पानिपताच्या साली पाळण्यात असलेलं पोर भाऊसाहेबांच्या फौजेत घोडा नाचवू लागतं. पुढे कुलवृत्तांताची छपाई होते आणि त्या घोड्याला रंगही येतो.

तरीही तारीख ही त्यातली सोपी बाजू, कारण ती कोष्टकानं सुधारता येते. जोखीम असते ती दोन नावांमधल्या उभ्या रेघेत. राणोजी होऊन गेला, विठोजी होऊन गेला, दोघं एका गावचे, एका आडनावाचे, एवढं चार कागदांवरून ठरतं. विठोजी हा राणोजीचाच मुलगा, हे मात्र निराळं विधान आहे आणि त्याचा पुरावाही निराळा हवा. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची चाल. त्यामुळे ‘विठोजी बिन राणोजी’ आणि ‘राणोजी बिन विठोजी’ दीडशे वर्षं आळीपाळीनं येत राहतात. मधली एक जोडी गळली काय किंवा एक जास्त झाली काय, वाचणाऱ्याला कुठेही खटकत नाही. नावं सगळी खरी आणि वंशावळ खोटी, असं सहज होऊ शकतं.

मग विश्वास कोणत्या कागदावर ठेवायचा? माझं मत थोडं उलटं वाटेल: वंश सांगण्यासाठीच लिहिलेला कागद वंशाच्या बाबतीत सर्वांत कच्चा. वंशावळ कोणी उगाच लिहीत नसे. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ मिळालं आणि इनामदारांना विचारणा झाली, की सनद कोणाच्या नावची आणि ती तुमच्यापर्यंत आली कशी? उत्तरादाखल कैफियतीसोबत वंशावळ्या जोडल्या गेल्या. जमीनच जायची वेळ आली, की निपुत्रिक चुलत्याला मागल्या तारखेनं दत्तक मिळायला कितीसा वेळ लागतो? याउलट तगाईचा हिशेब, शिलेदाराच्या रोजमुऱ्याची याद, लग्नातल्या आहेराची यादी. तिथे कारकून ‘अमक्याचा भाऊ’ असं लिहितो ते केवळ त्याच नावाच्या दुसऱ्या माणसापासून याला वेगळं काढण्यासाठी. त्या नात्यातून त्याला काहीच मिळायचं नसतं.

यावर कोणी म्हणेल, की आजचा व्यवहार कागदाचा हेतू बघत नाही, वय बघतो. जात पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक धरतात, आणि त्यांच्या अलीकडच्या कागदापेक्षा पलीकडच्या कागदाला वजन देतात. खरं आहे, पण वजन जुनेपणाला नाही. सवलतच नव्हती तेव्हा ती नोंद खोटी लिहिण्याचं कारण नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. नुसतं जुनेपण पाहायचं, तर शाळेच्या जनरल रजिस्टरांतल्या १ जूनच्या जन्मतारखा पाहाव्यात. जून उजाडला की अख्ख्या पिढीचे वाढदिवस एकाच दिवशी! तिथे कुणाचाही डाव नव्हता. गुरुजींना रकाना भरायचा होता आणि पोराचं वय शाळेत घेण्याजोगं बसवायचं होतं. म्हणून निर्हेतुक कागदालाही एक प्रश्न विचारावाच लागतो: ही नोंद चुकली असती, तर लिहिणाऱ्याचं काय बिघडलं असतं? शाळेत तारीख चुकून काही बिघडत नव्हतं. पालकाचं नाव चुकलं तर चौकशीला बोलवायचं कोणाला, ही अडचण होती. कोतवाल बुकात मृत्यूची तारीख बरी असते, कारण ती वर कळवायची असे. जन्मलेल्या बाळाचं नाव मात्र पुष्कळदा नसतंच, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. एकाच पानावरचा एक रकाना धरावा आणि शेजारचा सोडावा लागतो.

या कसोटीला एक सणसणीत अपवाद आहे, आणि तो मला मराठी दप्तरांतला सर्वांत देखणा कागद वाटतो. महजर. पाटीलकीत वडील घर कोणतं आणि धाकटं कोणतं, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीला पहिली पोळी कोणाची, असल्या मानापानासाठी भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडत. गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, शेटे, बलुतेदार जमत. अग्रवादी आपली तकरीर देई, पश्चिमवादी आपली. दोघंही मूळपुरुषापासून सुरुवात करून एकेक पिढी उलगडत. लिहिता न येणाऱ्यांच्या साक्षीला निशाण्या असत. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, ज्याच्या त्याच्या कामाचं हत्यार. ती चिमुकली चित्रं पाहताना कज्जा कशाचा होता हे विसरायला होतं. कधी साक्षी जुळत नसत, मग दिव्य: उकळत्या तेलातून रवा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहर करायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचा. त्या हातानं वंशाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे सांगायला नको. पण हरलेल्याची तकरीरही महजरात उतरवलेली असते, आणि सोनं तिथे आहे. स्वार्थ इथे पुरेपूर आहे, पण दोन तोंडांनी एकमेकांविरुद्ध ओढणारा. थोरला कोण यावर दोघांचं जमत नाही, पण अमका अमक्याचा मुलगा, त्याला दोन बायका, धाकटीचा वंश दुसऱ्या गावी गेला, हे दोघंही मान्य करतात. जन्माच्या वैऱ्यांनी एकमतानं मान्य केलेली रेघ. तिच्यापुढे दहा सनदांची नक्कल फिकी.

साक्षीदार मोजतानाही अशीच गफलत होते. शिवछत्रपतींच्या जन्माची १६२७ मधली तिथी उत्तरकालीन बखरींतून रूढ झाली होती. टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रकाशात आणली. तिच्यातली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, परमानंदाच्या ‘शिवभारता’शी जुळली आणि राजस्थानात सापडलेल्या कुंडलीशीही. इथे एक बखर विरुद्ध तीन कागद असा हिशेब नाही. बखरी एकमेकींचं बोट धरून चालतात. दहा मिळाल्या तरी साक्षीदार एकच. मावळातल्या देशमुखाचं दप्तर आणि मारवाडातल्या ज्योतिषाचा संग्रह यांनी मात्र एकमेकांवरून उतरवून घेतलेलं नाही. घरातल्या तीन आजोबांनी सांगितलेली एकच हकीकत या हिशेबात एकदाच धरावी.

इतकी चिकित्सा कशाला, हा काही कोर्टातला दावा नाही, घरच्यांना आपली गोष्ट हवी असते, असाही एक आक्षेप असतो. गोष्ट हवी असेल तर गोष्ट लिहावी. ती वंशवृक्षात रेघ म्हणून घालू नये. कोकणस्थांच्या चांगल्या कुलवृत्तांतांनी हे पथ्य पाळलेलं दिसतं. एकाच आडनावाची, एकाच गोत्राची घराणी, तरी दुवा मिळाला नाही म्हणून त्यांना वेगवेगळे क्रमांक देऊन सुटी ठेवली आहेत. त्याच संपादकांनी सुनांची माहेरची नावं जिथे टिपली, तिथे नकळत एक मोठं काम करून ठेवलं. सासरी नाव बदललेली बाई इथल्या पानावर रमाबाई असते आणि माहेरच्या कुलवृत्तांतात दुसऱ्याच नावानं, ‘अमक्यांकडे दिली’ एवढ्यावर संपलेली. दोन वेगळ्या घरांनी, एकमेकांना न विचारता केलेल्या या दोन नोंदी पुरुषांच्या सलग रांगेपेक्षा जास्त भरवशाच्या ठरू शकतात. त्या शेजारी ठेवून वाचायचं काम मात्र बव्हंशी पडूनच आहे.