साक्षगंधाचा हिरा

आमच्या घरात लग्नाची पहिली पत्रिका कळंबच्या चिंतामणीपुढे ठेवायची रीत आहे. यवतमाळहून नागपूरकडे निघालं की वाटेतच कळंब लागतं. पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात जायचं, अक्षता वाहायच्या, पत्रिका ठेवायची. याच कळंबचं नाव फिरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथात मात्र वेगळ्या कारणानं येतं. १४२५च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशाह माहूरवर चालून आला, पुढे त्यानं कळंब घेतलं आणि त्याबरोबर गोंडांच्या मुलखातली एक हिऱ्याची खाणही घेतली. कळंबच्या काळ्या रानाखाली बसाल्टचा खडक आहे, त्यात हिरा नसतो. म्हणून अभ्यासक ही खाण पूर्वेला, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात, वैरागडला होती असं मानतात. वैरागडच्या हिऱ्यांची नोंद अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’तही केली आहे. त्याच्याही हजारेक वर्षं आधी वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त वेणा नदीकाठच्या हिऱ्याला शुद्ध म्हटलं, आणि ही वेणा म्हणजे आपली वैनगंगा असं काही विद्वानांचं मत आहे.

सांगायचं ते असं, की हिरा विदर्भाला परका नाही. इथून तो गेला सुलतानांच्या आणि बादशहांच्या खजिन्यात. आमच्या घरांत तो आला नाही, घरांत आलं ते सोनं.

हे सोनं कसं आलं हे कापसाच्या मुलखात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर पहिल्या वेच्याचा कापूस विकला जायचा, उसनवारी फिटायची, आणि चार पैसे उरले तर सराफाकडे जाऊन मणी, मासा, अर्धा तोळा, जे जमेल ते घेतलं जायचं. पेरणीच्या तोंडावर तेच सोनं तारण पडायचं. माझ्या आईच्या पाटल्या किती मृगांत बँकेत गेल्या आणि किती संक्रांतींना परत आल्या याचा हिशोब तिनंही ठेवलेला नाही. पाटल्या घरी आल्या की ती त्या चिंचेच्या पाण्यानं धुवायची आणि देवापुढे ठेवून मगच हातात घालायची. सोनं हा आमच्याकडे दागिना असतोच, पण त्याआधी तो पाऊस दगा देईल त्या वर्षाचा आधार असतो. ज्या जिल्ह्यानं कर्जापायी इतकी माणसं गमावली, तिथे या आधाराबद्दल हलक्या सुरात बोलणं मला जमत नाही.

त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, “मावशी, साक्षगंधाले हिऱ्याची अंगठी घ्यायची आहे. तू चाल ना संग, मले यातलं काहीच समजत नाही,” तेव्हा पहिला प्रश्न आईनं विचारला. “अडीनडीले याच्यावर कोनी पैसे देईन का रे?”

तिचा प्रश्न बिनतोड होता. सोनेतारण कर्ज देताना मूल्यमापक दागिना तोलतो आणि त्यातल्या खड्यांचं वजन वजा करतो. कर्ज मिळतं ते निव्वळ सोन्यावर, हिऱ्याचा त्यात हिशोबच नसतो. विकायला गेलं तर सोन्याला त्या दिवसाचा भाव असतो, तो पेपरात छापून येतो, यवतमाळला विचारा नाहीतर पुसदला, फार फरक पडत नाही. हिऱ्याला असा गावभर एक भाव नाही. ज्या दुकानातून घेतला तिथेच परत द्यायचा, तेही त्यांची परताव्याची अट असेल तेवढ्याच पैशांत. हिरा घेणं म्हणजे गुंतवणूक, असं पहिल्यांदा घेणाऱ्या जोडप्याला जो कोणी सांगतो तो त्यांचं नुकसान करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग घ्यायचा कशाला? बघायला. हात हलला की प्रकाश फुटतो, तो डोळ्यांत साठवायला. ज्या माणसानं तो दिला त्याची आठवण बोटावर राहावी म्हणून. मला हे कारण पुरेसं वाटतं. आयुष्यात एक वस्तू अशी असावी, जी कधीही गहाण पडणार नाही म्हणूनच घेतली. फक्त घेताना हे ठाऊक असावं, आणि अडीनडीचं सोनं वेगळं ठेवून उरलेल्या पैशांत ती घ्यावी. भाच्यानं हे मान्य केलं. मंगळसूत्र आणि पाटल्या सोन्याच्याच आणि पहिल्यांदा त्याच घ्यायच्या, अंगठी त्यानंतर, असं ठरलं तेव्हा आईही तयार झाली.

साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी ही चाल आपली नाही, हे खरं आहे. ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियननं १४७७ साली बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, त्याचा दाखला नेहमी देतात. घराघरांत ही चाल पोचवली ती मात्र जाहिरातीनं. डी बिअर्स कंपनीनं १९३८पासून अमेरिकेत त्यासाठी जाहिरातसंस्था नेमली, आणि १९४७ साली फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेनं हिरा कायमचा असतो अशा अर्थाची ती प्रसिद्ध ओळ लिहिली. अंगठीवर दोन-तीन महिन्यांचा पगार घालायचा, हा हिशोबही अशाच जाहिरातींतून आला. तो हिशोब आमच्याकडे मानायचं काही कारण नाही. अंगठीची हौस मात्र तरुण मुलांची स्वतःची असते, आणि ती कुठून आली याची उलटतपासणी घेऊन साक्षगंधाचा आनंद कमी करू नये.

सराफ्यात हिरे बघताना पहिल्यांदा डोळे दिपतात ते दिव्यांमुळे. दुकानाच्या छतातले ते बारीक, टोकदार प्रकाशाचे दिवे लावलेलेच असतात हिरा चमकवण्यासाठी. त्या उजेडात काचेचा तुकडासुद्धा लखलखतो. आम्ही सराफाला विचारलं, बाहेर नेऊन पाहता येईल का? तो भला माणूस होता. “या ताई, ओट्यावर या,” म्हणाला आणि चिमट्यात धरलेले दोन हिरे घेऊन स्वतःच बाहेर आला. सकाळची वेळ होती, ऊन थेट पडत नव्हतं. एक हिरा तीस सेंटचा, दुसरा पंचवीस सेंटचा. आत दोन्ही सारखेच झगमगत होते. बाहेर मोठ्या हिऱ्याच्या मधोमध एक काळसर डाग दिसायला लागला, जणू कोणी आतला उजेड ओढून घेतला होता. लहान हिरा मात्र कडेपासून मध्यापर्यंत जिवंत होता. किंचित कलता केला की त्याच्यातले काळे-पांढरे कोन जागा बदलत, आणि मध्येच एखादी निळी, एखादी केशरी ठिणगी उडे.

दोष मोठ्या हिऱ्याच्या जातीत नव्हता, पैलू पाडण्यात होता. गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात, आणि वरून आलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरच यावा अशा कोनांत ते बसवायचे असतात. मार्सेल तोलकोव्स्की या तरुणानं १९१९ साली या कोनांचं गणित मांडलं. खालचा भाग फार खोल ठेवला तर उजेड बाजूनं निसटतो आणि मध्य काळा पडतो. फार उथळ ठेवला तर फिकट कडं दिसतं आणि हिरा मेल्यासारखा वाटतो. खोल का ठेवतात? वजन वाचवण्यासाठी. हिरा विकला जातो वजनावर, त्यामुळे कारागिराला कच्च्या दगडातलं जास्तीत जास्त वजन राखण्याचा मोह होतो. ते वजन हिऱ्याच्या पोटात लपतं, बोटावर दिसत नाही. आमचा तीस सेंटचा हिरा वरून पंचवीसच्या हिऱ्याएवढाच भरत होता.

कॅरेट, रंग, स्वच्छता आणि पैलू या चार कसोट्या आता प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावलेल्या असतात. मला विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्यानं पैसे पैलूंवर खर्च करावेत, बाकीच्या तिन्हींत थोडं थोडं सोडावं. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि सेंट म्हणजे त्याचा शंभरावा भाग. पंचवीस सेंटचा हिरा ५० मिलिग्रॅमचा, सरकीच्या एका दाण्याहून हलका. भाव मात्र ठरावीक वजनांवर उड्या मारतो. तीसऐवजी अठ्ठावीस, पन्नासऐवजी अठ्ठेचाळीस सेंटचा मिळाला तर डोळ्याला फरक कळत नाही, खिशाला कळतो. रंगाची प्रतवारी इंग्रजी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत उतरत जाते. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर ‘जी’, ‘एच’ रंगाचा हिराही पांढराशुभ्रच दिसतो, कारण सोन्याची झाक त्याची किंचित पिवळट छटा झाकते. आतले बारीक ठिपके आणि रेघा दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघतात. ज्या खुणा भिंगाशिवाय दिसतच नाहीत, त्या नसाव्यात म्हणून जादा पैसे मोजणं एवढ्या लहान हिऱ्याला मला पटत नाही.

कागद मात्र मागून घ्यावा. जीआयए, आयजीआय यांसारख्या प्रयोगशाळा प्रमाणपत्र देतात. अनेकदा त्याचा क्रमांक हिऱ्याच्या कमरेवर लेसरनं कोरलेला असतो, भिंगाखाली तो स्वतः वाचावा. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अंगठीवरचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो, हिऱ्याची नाही. हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरेटच्या सोन्यात करतात, तिच्यावर ७५० हा आकडा असतो. घरात २२ कॅरेटचं ९१६ बघायची सवय असलेल्या आईला तो आकडा खटकला. सराफानं तिला समजावलं, की बावीस कॅरेटचं सोनं मऊ, त्यात खड्याची पकड सैल होते.

मग प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचा विषय निघालाच. तिथला एक तरुण विक्रेता म्हणाला, “भाऊ, इतक्याच पैशांत याच्याहून कितीतरी मोठा येते, अन् तोही हिराच आहे.” त्याचं म्हणणं खरं आहे. १९५४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉलनं पहिल्यांदा खात्रीनं हिरा घडवला, आणि आता सुरतेतही असे हिरे वाढवतात. तोही शुद्ध कार्बन, तितकाच कठीण, तसाच चमकणारा. सराफाकडच्या साध्या चाचणीयंत्रावर तो हिराच ठरतो, फरक ओळखायला वेगळी यंत्रं लागतात. अमेरिकन डायमंड म्हणून मिळतो तो खडा मात्र हिरा नव्हे. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची किंमत गेल्या काही वर्षांत फार घसरली, आणि परत विकताना त्याला जवळपास काही मिळत नाही. ज्यांना मोठा खडा हवा आणि परत विकायचा नाही, त्यांनी तो खुशाल घ्यावा. अट एकच, बिलावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं.

भाच्याला मात्र जमिनीतलाच हवा होता. तो वणीचा, कोळशाच्या खाणींच्या गावचा. लहानपणापासून त्यानं ऐकलेलं, की कोळसाच दाबला जाऊन हिरा होतो. तसं घडत नाही. वणीचा कोळसा सुमारे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा. बहुतेक हिरे शंभर कोटी वर्षांहून जुने, जमिनीवर पहिलं झाड उगवण्याच्या कितीतरी आधीचे. ते तयार झाले दीडशे किलोमीटर खोल, आणि ज्वालामुखीच्या उद्रेकांनी वर आले. हे ऐकल्यावर तो चिमट्यातल्या त्या दाण्याकडे बराच वेळ बघत राहिला. पृथ्वीवर अजून गवताचं पातंही नव्हतं तेव्हाची वस्तू आपण कुणाच्या तरी बोटात घालणार, याचं त्याला जे वाटलं ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्यापुढे खड्याचा आकार कुणाला विचारावासा वाटेल?

हिरा ठरला, पण अंगठी ठरवली होणाऱ्या सुनेनं. भाच्याला हिरा उंच उचलून धरणारी, चार काट्यांची अंगठी आवडली होती. जाहिरातींत असते ती तीच. मुलगी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तिनं ती बोटात घातली, हात दोनदा उलटसुलट केला आणि म्हणाली, “मावशी, याच्यानं माझे ग्लोव्हज फाटतील. अन् पेशंटले ओरखडा बसला तं?” कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. तिला हवी होती बसकी अंगठी, जिच्यात हिऱ्याभोवती सोन्याची अखंड कड असेल. कोंदणच ते, आपल्या सोनारांच्या पिढ्यान्‌पिढ्या हातातलं काम. अशा कडेत हिरा केसभर लहान दिसतो, पण कुठे अडकत नाही. आणि कठीण असला तरी हिरा नेमक्या दिशेनं टोला बसला तर फुटतो, त्यालाही ही कड जपते. पाठ उघडी ठेवून घ्यायचं ठरलं, म्हणजे आतून धुता येईल. हिऱ्याला तेलकटपणा फार चटकन धरतो आणि मग तो कितीही चांगला असला तरी धुरकटतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश, एवढं पुरतं.

मापही सराफानं घाई न करता घेतलं. आमच्या उन्हाळ्यात बोटं फुगतात, पौषाच्या थंडीत बारीक होतात, दिवसभरातही त्यांचं माप बदलतं, म्हणून त्यानं मुलीला संध्याकाळी परत बोलावलं आणि मापाच्या कड्यांचा जुडगा पुन्हा तिच्या बोटावर चढवून पाहिला. पेरावरून जरा जोर लावून उतरावी, एवढी घट्ट ठेवली. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन, रंग आणि स्वच्छता, घडणावळ, ३ टक्के जीएसटी आणि परताव्याची अट वेगवेगळी लिहून घेतली. आईनं ते बिल मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि सोन्याच्या वजनाच्या ओळीवर बोट ठेवून सराफाला म्हणाली, “एवढं तं आमचं पक्कं ना?” तो म्हणाला, “पक्कं, आजी.” मग तिनं हिरा बघायला मागितला.