फटफटीचा पुनर्जन्म

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. नातवाने हुबेहूब आजोबांसारखे निघावे असा आग्रह कोणी धरीत नाही. मात्र घरातील म्हाताऱ्या माणसांकडे त्याने पाहावे, एवढी अपेक्षा असते. बंद पडलेल्या गाड्यांची नावे कारखानदार पुन्हा बाजारात आणतात, तेव्हा आम्हांला हीच रीत आठवते.

प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा आहे. तीर्थरूपांची येझदी नागपुराहून आमच्यामागोमाग रायपुरास आली आणि सरकारी निवासाच्या जिन्याखाली उभी राहिली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील ती घडण! किक मारावी आणि तीच दांडी पुढे वळवून तिचाच गिअर करावा, अशी काटकसर कारकुनालाही साधणार नाही. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. पुढे महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजेंड्स या निराळ्या कंपनीने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी पुन्हा रस्त्यावर आणली. येझदी या नावाच्या मालकीवरून कर्नाटक उच्च न्यायालयात वाद झाला. कारखाना गेला तरी नावाची किंमत उरते ती अशी.

जुन्या नावासाठी वेगळी चूल मांडली, हे आमच्या मते योग्यच झाले. थोरल्या घरच्या जीप-ट्रॅक्टरांच्या गर्दीत त्या नावाची ओळख राहिली नसती. अमेरिकेत फोर्डने १९६४ सालच्या मस्टँगचे नाव चार दारांच्या विजेच्या गाडीला जोडले. गाडी चांगली असेलही, पण ते नाव तिच्या अंगाला बसत नाही. नव्या जावा-येझदीने निदान रूप तरी राखले. इंजिन मात्र फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे आले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पेट्रोलात तेल मिसळून सोडलेला तो निळा धूर आज कोणत्या शहराने सोसावा?

आमचे मागणे निराळे आहे. जो जुन्या नावावर गिऱ्हाईक मिळवतो, त्याने जुन्या गाड्यांचे सुटे भागही घडवावेत: पिस्टन, रिंगा, क्लचच्या प्लेटा. खप थोडा, म्हणून नफा थोडा, हे आम्हांला समजते. पण ज्या आठवणींवर नवी गाडी विकली जाते, त्या या जुन्या फटफट्यांनीच रस्त्यांवर फिरून जिवंत ठेवल्या ना? इथले वृद्ध मिस्त्री एका येझदीचा भाग काढून दुसरीला बसवितात. दर खेपेला शहरातील एक गाडी कमी होते. आमच्या गाडीला गिऱ्हाईक आहे, असे ते गेल्या महिन्यात म्हणाले. चालविण्यासाठी का, असे आम्ही विचारले, तर ते हसले.

वडिलांना हे आम्ही अद्याप कळविलेले नाही.