सामाईक सामान आणि आपली पेटी

आमचे लहानपण परळच्या एका चाळीत गेले. दहा बाय बाराची खोली, घरात सात माणसे आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ. नळ, मोरी, गॅलरीतला दिवा ह्या वस्तू कोणाच्या खोलीत नव्हत्या, पण प्रत्येकाला मिळत होत्या. त्यासाठी कोणाचे दार वाजवावे लागत नसे. मात्र आईची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात रेशनकार्ड, आमचे शाळेचे दाखले आणि वडिलांचे मिलचे कागद असत. ती पेटी कधी गॅलरीत आली नाही. खोलीला चुना मारायला काढला तेव्हा सगळे सामान बाहेर गेले, पण आई ती पेटी जवळ घेऊन बसली होती.

हे सांगण्याचे कारण असे की, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी आम्ही गोदामातली नोकरी सांभाळून रात्रीच्या क्लासला संगणकाचे काम शिकलो आणि तेथे हीच विभागणी आम्हाला पुन्हा भेटली. ती नीट न समजल्यामुळे आमच्या हातून एक चूक झाली. आज आपल्या घरांतली मुले-मुली कोडिंग शिकू लागली आहेत. म्हणून ती चूक लाज न बाळगता येथे सांगत आहोत.

आधी थोडी माहिती देतो. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक ह्यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. ती ब्राउझरमध्ये, म्हणजे आपण वेबपाने पाहतो त्या खिडकीत, चालण्यासाठी होती. २००८ साली गुगलने क्रोम ब्राउझर आणला आणि त्यातले जावास्क्रिप्ट चालवणारे व्ही-एट हे इंजिन सर्वांना खुले केले. २००९ साली रायन डाल ह्यांनी ते इंजिन ब्राउझरच्या बाहेर वापरून नोड-जेएस तयार केले. त्यामुळे तीच भाषा सर्व्हरवर, म्हणजे अनेकांना पाने वाढणाऱ्या दूरच्या संगणकावर, चालू लागली.

पण ब्राउझर आणि सर्व्हर ही दोन वेगळी घरे आहेत. ब्राउझरमध्ये 'विंडो' आणि 'डॉक्युमेंट' ह्या वस्तू न मागता हाताशी असतात. आम्ही पहिल्याच रात्री नोडमध्ये 'डॉक्युमेंट' लिहिले आणि यंत्राने ते नाव ठाऊक नाही म्हणून सांगितले. बरोबरच आहे. सर्व्हरला पडदा नाही, मग पडद्यावरचे पान कोठून येणार? नोडमध्ये न मागता मिळणाऱ्या वस्तू वेगळ्या आहेत. त्यांना ग्लोबल ऑब्जेक्ट म्हणतात. आम्ही त्यांना सामाईक सामान म्हणतो.

त्यातले नेहमी लागणारे सामान चार-पाचच आहे. 'कन्सोल' काही छापून दाखवते, पण ते सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर, गिऱ्हाइकाच्या फोनवर नव्हे. 'प्रोसेस' म्हणजे चालू असलेला कार्यक्रम स्वतःच. तो किती वेळ चालू आहे, किती मेमरी खातो, हे तिला विचारता येते. तिच्याच पोटात 'एन्व्ह' नावाचा कप्पा असतो. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये न लिहिता बाहेरून ह्या कप्प्यातून देण्याची रीत आहे, आणि ती चांगली आहे. एक मात्र लक्षात ठेवावे. त्या कप्प्यातून येते ते सगळे अक्षररूपच असते. तेथे 'फॉल्स' लिहून ठेवले तर ते 'नाही' होत नाही, पाच अक्षरांचा एक शब्द होतो, आणि तपासणीत तो 'होय' म्हणून पास होतो. 'प्रोसेस-एक्झिट' म्हटले की तो एक गिऱ्हाईक नव्हे, अख्खा सर्व्हर बंद पडतो. एकाने दिवा विझवला म्हणजे सगळी गॅलरी अंधारात, तसेच हे.

'सेट-टाइमआउट' हे सामाईक घड्याळ. इतक्या वेळाने अमुक काम कर, असे त्याला सांगता येते. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात, द्यायची. पण हे घड्याळ २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंदांच्या पुढे मोजत नाही. म्हणजे जेमतेम २४ दिवस २० तास. फी भरण्याची आठवण ३० दिवसांनी पाठव असे सांगितले, तर नोड ती मुदत १ मिलिसेकंद धरतो आणि आठवण त्याच क्षणी जाते. तसा इशारा तो छापतो, पण काळ्या पडद्यासमोर वाचायला बसलेले कोण असते?

आता आमच्या चुकीकडे येतो. त्याआधी आणखी पाच नावे सांगणे भाग आहे: 'रिक्वायर', 'मॉड्यूल', 'एक्स्पोर्ट्स', 'फाइलनेम' आणि 'डर्नेम'. शेवटच्या दोहोंच्या आधी दोन-दोन खालच्या रेघा असतात. ही पाचही नावे जुन्या पद्धतीच्या प्रत्येक फाइलमध्ये आयती मिळतात, म्हणून शिकणाऱ्याला वाटते की हेही सामाईक सामानच. आम्हालाही वाटत होते. पण ते तसे नाही. नोड आपली फाइल चालवण्याआधी तिला एका फंक्शनच्या वेष्टनात गुंडाळतो आणि ही पाच नावे त्या फाइलच्या हातात देतो. 'डर्नेम' म्हणजे ही फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता. तो प्रत्येक फाइलचा आपापला असतो. नळ सगळ्यांचा एक असतो, पण दारावरची पाटी ज्याची त्याची असते. नव्या पद्धतीच्या, म्हणजे 'इम्पोर्ट' वापरणाऱ्या फायलींत ही पाच नावे आयती मिळतच नाहीत. तेथे पत्ता 'इम्पोर्ट-मेटा'कडे मागावा लागतो.

त्या वेष्टनाचा मोठा फायदा असा की, फाइलमध्ये 'कॉन्स्ट' किंवा 'लेट' लिहून आपण जे नाव ठेवतो ते त्या खोलीतच राहते, शेजारच्या फाइलला दिसत नाही. पण हा शब्द लिहायचा विसरलो तर? जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये वर 'यूज स्ट्रिक्ट' ही सूचना नसेल, तर यंत्र काही बोलत नाही. ते नाव मुकाट्याने सामाईक सामानात नेऊन ठेवते. आम्ही नेमके तेच केले.

एका वसतिगृहाच्या प्रवेशाचे अर्ज भरून घेण्याचा कार्यक्रम आम्ही लिहिला होता. मुलीने आपला क्रमांक टाकायचा, डेटाबेसमधून तिची नोंद आणायची आणि भरलेला अर्ज तिला दाखवायचा. 'विद्यार्थी बरोबर आलेली नोंद' अशी ती ओळ होती आणि तिच्याआधी 'कॉन्स्ट' हा शब्द नव्हता. आम्ही घरी बसून वीस वेळा तपासले. वीसही वेळा बरोबर आले. कारण तपासणारे आम्ही एकटेच होतो.

शेवटच्या तारखेला दुपारी एका मुलीचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. "सर, मला दुसऱ्याच मुलीचा फॉर्म दिसतोय. तिच्या आईचं नाव, घरचं उत्पन्न, जातीचा दाखला, सगळं दिसतंय." मग थोडे थांबून ती म्हणाली, "म्हणजे माझापण कोणाला तरी दिसला असेल ना?"

वाचकहो, त्या प्रश्नाने आमच्या पायांखालची जमीन सरकली. आपल्यापैकी किती मुली वर्गात आपले आडनावसुद्धा जपून सांगतात, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. तिने जे जपले होते ते आम्ही एका शब्दाच्या आळसाने उघडे टाकले होते.

घडले होते ते असे. नोडचा सर्व्हर साधारणपणे एकाच प्रोसेसमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांची कामे करतो. पहिल्या मुलीची नोंद त्याने 'विद्यार्थी' ह्या नावात ठेवली आणि तिचे मार्क दुसऱ्या तक्त्यातून यायची वाट पाहू लागला. वाट पाहताना तो रिकामा बसत नाही. मधल्या वेळात त्याने दुसऱ्या मुलीचे काम हाती घेतले आणि तिची नोंद त्याच 'विद्यार्थी' नावात ठेवली, कारण ते नाव सामाईक होते. मग पहिलीचे मार्क आले आणि त्याने पहिलीला पान दाखवले, ते दुसरीचे. यंत्राचे काही चुकले नव्हते. त्याला आम्हीच एक जागा दिली होती आणि दोघींचे कागद तेथे ठेवायला सांगितले होते.

आम्ही सर्व्हर ताबडतोब बंद केला. वसतिगृहाच्या बाईंना खरे काय ते सांगितले आणि मुदत दोन दिवस वाढवून मागितली. त्यांनी ती दिली. सर्व्हरच्या नोंदवहीवरून ज्या मुलींची माहिती दुसरीकडे गेली असण्याचा संभव होता, त्या प्रत्येकीला फोन करून कळवले. ते फोन करणे फार जड गेले. पण माहिती ज्यांची, त्यांना कळलेच पाहिजे.

दुरुस्ती एका शब्दाची होती. 'कॉन्स्ट' लिहिले आणि माथ्यावर 'यूज स्ट्रिक्ट' लिहिले, की विसरलेला शब्द यंत्र स्वतःच पकडून देते. पण तरुण वाचकांनी एवढ्यावर थांबू नये. तेच नाव 'लेट' लावून फाइलच्या माथ्यावर ठेवले असते, तरीही दोघींची अदलाबदल झालीच असती, कारण फाइल एकदाच वाचली जाते आणि ते नाव सगळ्या गिऱ्हाइकांत एकच राहते. ज्या फंक्शनमध्ये एका गिऱ्हाइकाचे काम चालते, त्याच्या आतच त्याचे नाव जन्मले पाहिजे आणि तेथेच संपले पाहिजे. आणि तपासणी नेहमी दोन फोनांवरून, दोन नावांनी, एकाच वेळी करावी.

अशी चूक फक्त आमच्यासारख्या उशिरा शिकलेल्यांचीच होते असे नाही. नोडच्या सामाईक सामानात 'बफर' नावाची वस्तू आहे. ती कच्ची माहिती ठेवायला मेमरीचा तुकडा देते. पूर्वी 'न्यू बफर' म्हणून आकडा दिला की, तेवढी जागा पुसून न घेता तशीच मिळत असे आणि तिच्यात आधीच्या कामाचे उरलेसुरले, कदाचित कोणाचा पासवर्डही, राहू शकत असे. म्हणून २०१६ साली 'बफर-अलॉक' ही स्वच्छ पुसलेली जागा देणारी रीत आली, आणि २०१८ च्या दहाव्या आवृत्तीपासून जुनी रीत वापरली की नोड इशारा देऊ लागला. सामाईक भांडे घासून पुढच्याच्या हाती द्यावे, एवढे शहाणपण जाणकारांनाही अनुभवानेच आले.

हे सामान वाढतही असते. दुसऱ्या सर्व्हरकडून माहिती आणणारे 'फेच' पूर्वी फक्त ब्राउझरमध्ये आयते होते. २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून ते नोडमध्येही न मागता मिळते. ब्राउझरात 'विंडो' आणि नोडमध्ये 'ग्लोबल' अशी सामानाच्या जागेची दोन नावे होती. तेव्हा भाषेच्या २०२० च्या नियमांत दोघांसाठी 'ग्लोबल-धिस' हे एकच नाव ठरवले गेले. म्हणून पुस्तक जुने असेल तर त्यातली यादी ताडून पाहावी.

त्या रात्री घरी आलो तेव्हा जेवण गेले नाही. आईला आता दिसायला कमी येते, पण आमचा चेहरा तिला आवाजावरून कळतो. काय झाले म्हणून तिने विचारले. संगणकाचे सगळे सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून जमेल तसे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या पोरीचे दाखले तू नळावरच्या कट्ट्यावर ठेवलेस, असंच ना रे?"

आम्ही हो म्हणालो. तिच्याइतके नेमके आम्हाला क्लासमध्येही कोणी सांगितले नव्हते.

"मग उद्यापासून पेटीत ठेव," ती म्हणाली, "आणि आता जेव."

ती पत्र्याची पेटी आजही आमच्या कपाटावर आहे. कोड लिहायला बसलो की आम्ही प्रत्येक नावापाशी एकदा थांबतो आणि स्वतःला विचारतो, हे नळावरचे आहे की पेटीतले? ज्या मुलामुलींनी हे काम हाती घेतले आहे त्यांनीही हे विचारत जावे. सामाईक सामान जरूर वापरावे, ते सगळ्यांसाठीच आहे. पण ज्यांनी विश्वासाने आपले कागद आपल्याकडे दिले, ते कधी तेथे ठेवू नयेत.