४.१ गिगाहर्ट्झ
पहिल्या बोनसमधून रायझन ५ २६०० घेतला. ३.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, मी ४.१ वर पळवला, व्होल्टेज १.३५. विंडोज सुरू झालं, गेम चालला, मी खूश. प्राइम९५ रात्रभर लावायचा मात्र कंटाळा केला.

त्याच आठवड्यात आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो झिप केले आणि मूळ फोल्डर उडवलं. (इंजिनिअर म्हणे!) नंतर उघडताना सीआरसी एरर. ११ फोटो गेले. व्होल्टेज कमी पडलं की प्रोसेसर चुकीचं उत्तर देतो, तेही बिनधास्त. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नव्हता. पडला असता तर निदान कळलं असतं.

मग ४.० वर आणला. प्राइम९५ ८ तास चालवलं, एकही एरर नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही.