सत्तावीस आणि तेरा

रात्रीचे आठ वाजलेत. जालना तालुक्यातल्या एका गावात, निवृत्त विज्ञानशिक्षिका असलेल्या बाईंच्या ओसरीवर नववीतली एक मुलगी मांडीवर वही घेऊन बसली आहे. गृहपाठ आनुवंशिकतेचा. उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर दाखवा, दुसऱ्या पिढीतलं प्रमाण काढा. चौकट नीट आखली आहे, अक्षरं भरली आहेत, खाली उत्तर 3:1. सगळं बरोबर. तरीही ती म्हणते, "बाई, हे जमंना."

घाईत असलेलं घरचं माणूस अशा वेळी उत्तरावर बरोबरची खूण करून मोकळं होतं. बाई तसं करत नाहीत. "उत्तर राहू दे. ही चौकट तुझ्या आजीला समजावायची, तर कशी सांगशील?"

मुलगी सांगू लागते आणि 'अप्रभावी' या शब्दापाशी अडते. अप्रभावी गुण दुबळा असतो, तो मरून जातो, असं तिनं मनाशी धरलं होतं. मग पहिल्या पिढीत एकही झाड बुटकं नसताना दुसऱ्या पिढीत बुटकेपणा आला कुठून? गाठ इथे होती, आणि ती विज्ञानापेक्षा भाषेची होती. बाईंनी त्या शब्दावर पेन्सिलीनं एवढंच लिहिलं : लपलेला.

मुलीची आई शेडनेटमध्ये मिरचीच्या क्रॉसिंगला जाते. ती लेकीला न्यायला आली, तेव्हा बाईंनी तिलाच बसवून घेतलं. "दुपारून काय काय करता, सांगा बरं हिला." आईनं हातवारे करत सांगितलं. उद्या फुलणारी कळी आज हेरायची. चिमट्यानं ती अलगद सोलायची, आतले पुंकेसर एकही न ठेवता काढायचे, पण मधल्या दांडीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे पराग त्या दांडीच्या टोकाला लावायचे आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. दोरा बांधायचा राहिला, तर त्या फळाचं बी कुठलं ते कळणार नाही.

ग्रेगोर मेंडेल 1856 ते 1863 या काळात ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत वाटाण्यावर हेच करत होता. चिमटा, कळी, पराग आणि काटेकोर खूण. मुलगी आईच्या बोटांकडे बघत राहिली. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे हा जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जाऊ लागला. बारवाले यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आनुवंशिकतेचा धडा ज्यांच्या हातात आधीच आहे, अशी माणसं इथल्या गावागावांत आहेत. मुलांना शिकवताना त्यांना बोलावलं जात नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

मग दोन नाणी आली. एक आईच्या हातात, एक मुलीच्या. एकदा उडवलं की एक रोप. निदान एक छापा पडला तर रोप उंच, दोन्ही काटे पडले तर बुटकं. चाळीस वेळा नाणी उडवली. उंच 27, बुटकी 13. मुलीनं लगेच खोडरबर उचललं. तीस आणि दहा यायला हवे होते ना!

अभ्यास घेणाऱ्याची खरी कसोटी या क्षणी लागते. "जवळपास आलंय, तीस-दहा लिहून टाक" असं म्हटलं, की मूल आकडे जुळवायला शिकतं, आणि ती सवय पुढे प्रयोगशाळेतही सुटत नाही. बाईंनी खोडरबर बाजूला ठेवलं आणि मेंडेलचे स्वतःचे आकडे सांगितले. उंच 787, बुटकी 277. भागाकार मुलीनंच केला. 2.84. "त्याचंबी तीन नाही आलं?" तिनं विचारलं. मग कुणी न सांगता तिनं आणखी चाळीस वेळा नाणी उडवायला लावली. या वेळी 32 आणि 8. दोन्ही मिळून 59 आणि 21, म्हणजे 2.81. दर चार रोपांत एक बुटकं येणारच, असं ती समजत होती. आता तिनं स्वतःच सांगितलं की आधीच्या रोपाला काय मिळालं याचा पुढच्या रोपाशी संबंध नसतो. झाडं पुष्कळ असली की प्रमाण तीनाच्या जवळ येतं.

वही मिटता मिटता तिनं विचारलं, "मग हायब्रीडचं बी दरसाल नवं कामून घ्यावं लागतं?" हा प्रश्न गृहपाठात नव्हता. बाईंना उत्तर ठाऊक होतं. पण त्यांनी परसातल्या हायब्रीड मिरचीच्या झाडावरची एक पिकलेली लाल मिरची तोडून तिच्या हातात दिली.

त्या मिरचीचं बी मुलीनं डालड्याच्या दोन जुन्या डब्यांत पेरलं आहे. डब्यांवर तारीख लिहिली आहे. रोपं सध्या चार पानांवर आहेत.