फक्त सर्व्हरच का झोपतो?

धायरीत धारेश्वर मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वर्कशॉपमधला सर्व्हर वीज गेली की बंद पडायचा. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवली की हमखास. टॅलीचा सगळा डेटा त्याच मशीनवर. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. "आता फॉरमॅट मारून टाका एकदाचा," शेठ म्हणाले. मी ठाम नकार दिला. कारण कळल्याशिवाय फॉरमॅट मारणं म्हणजे लोकांच्या वर्षानुवर्षांच्या हिशेबाशी खेळ, असं मला मनापासून वाटतं.

आधी बॅकअप घेतला. विंडोजच्या लॉगमध्ये 'कर्नल-पॉवर 41' अशा नोंदी सापडल्या. मशीन रीतसर शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच त्यातून कळतं. रॅम तपासली, चोख निघाली. मल्टिमीटरवर 12 व्होल्टची लाइन 12.1 दाखवत होती.

धागा मिळाला तो हिशेब पाहणाऱ्या ताईंकडून. "सर, माझा पीसी त्याच यूपीएसवर आहे. तो चालूच राहतो. फक्त सर्व्हरच झोपतो."

म्हणजे यूपीएस काम करत होता. वीज गेली की असा साधा यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसमधल्या, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायमधल्या, मोठ्या कपॅसिटरने साठवलेल्या विजेवर मशीन तगायला हवं. एटीएक्स मानकात त्यासाठी साधारण 16 मिलिसेकंदांची अपेक्षा आहे. इतका क्षणिक खड्डा साध्या मल्टिमीटरच्या आकड्यात दिसतच नाही.

डेटाच्या डिस्क बाहेर काढल्या, प्रत्येकीवर टेप लावून स्लॉटचा नंबर लिहिला. रेडमध्ये (RAID) एकत्र जोडलेल्या डिस्कचा क्रम आठवणीवर सोडू नये. चाचणीपुरती वेगळी डिस्क लावली. मग फक्त एसएमपीएस बदलला, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. यूपीएसचा प्लग भिंतीतून उपसला: टिक्‌ आवाज झाला, सर्व्हर चालूच. जुना एसएमपीएस परत जोडला, पुन्हा प्लग उपसला: पंखे थांबले, स्क्रीन काळी. जुना भाग परत लावून बिघाड पुन्हा उभा करायचा कंटाळा बरेच जण करतात. मी करत नाही. खात्री तिथेच पटते.

पॉवर सप्लाय दुरुस्त करणाऱ्या मित्राने तो कपॅसिटर आधी डिस्चार्ज केला आणि मग मोजला. (हे काम घरी करू नये, आत तीनशेहून जास्त व्होल्ट असतात.) वर 470 मायक्रोफॅरॅड छापलेलं, मीटरवर निम्मेसुद्धा नाही.

सर्व्हर होता पत्र्याखालच्या माळ्यावर. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि मे महिन्यात त्या माळ्यावर उभंही राहवत नाही. शेठना सगळं दाखवून सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी सर्व्हर खाली ताईंच्या केबिनमध्ये हलवला आणि त्याच मापाचा एक जादा एसएमपीएस मागवला.